आवक-वहींतील न मारलेली रेघ

वहीवर उभ्या रेघा किती माराव्या आणि कोठें माराव्या, हा प्रश्न कोणा शहाण्या मनुष्यानें विचार करीत बसण्याजोगा आहे असें आम्हांला आजवर कधीं वाटलें नव्हतें. फुटपट्टी ठेवावी, पेन्सिल ओढावी आणि कामाला लागावें, इतकीच त्या रेघेची योग्यता आम्ही समजत होतों. परंतु अलीकडे रब्बीच्या तोंडाशीं तिसगांवीं एका स्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला, आणि न मारलेल्या एका रेघेपायीं त्या घरांत जें घडलें तें ऐकून आमचा हा समज टिकला नाहीं.

नगर, म्हणजे सन २०२४ पासूनचें अहिल्यानगर, सोडून पाथर्डीच्या रस्त्यानें निघालें कीं करंजीचा घाट लागतो. तो ओलांडून पुढें गेलें कीं पाथर्डीच्या अलीकडे तिसगांव येतें. मुलुख अवर्षणाचा. बाजरी, तूर, कपाशी, कांदा आणि रब्बीची ज्वारी यांवर लोकांचा संसार. तोही पुरा होत नाहीं म्हणून तालुक्यांतील कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं बाहेर पडतात. अशा ठिकाणीं बियाण्याच्या पिशवीची किंमत नुसती रुपयांत मोजून भागत नाहीं. पेरलेलें उगवलें नाहीं तर दुसरी पिशवी विकत मिळेल. पण गेलेली ओल कोणत्या दुकानांत मिळावयाची?

आमच्या स्नेह्यांचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधु बी-बियाणें, खतें व औषधें यांचें दुकान चालवितात. धाकटे शिक्षक होते, ते आतां सेवानिवृत्त झाले. धाकट्यांचा मुलगा पुण्यास संगणकाचें शिक्षण घेऊन तेथेंच नोकरीस आहे व सणावारीं घरीं येतो. थोरल्या वहिनी घर सांभाळून दुपारीं दुकानांत बसतात, आणि आमच्या मतें दुकानांतील निम्मी अक्कल त्यांचीच आहे. हें थोरल्यांसमक्ष बोलण्यासही आम्हांला हरकत वाटत नाहीं. थोरल्यांची आवक-वही मात्र पाहण्यासारखी. लांबट, तांबड्या कापडाची, मोत्यासारख्या अक्षराची. तारीख, पुरवठादार, बिलाचा नंबर, मालाचें नांव, नग, दर, रक्कम असे सात रकाने. आणि चाळीस वर्षांत बेरजेंत एका रुपयाची चूक नाहीं. पुढें दुकानांत संगणक आला, तेव्हां त्यांनीं हेच सात रकाने त्यांत उतरविले. तयार आज्ञावलींत आणखी दहाबारा रकाने होते. ते आपल्याला नकोत म्हणून त्यांनीं झांकून टाकले.

त्या झांकलेल्या रकान्यांत एक रकाना 'लॉट नंबर' असा होता.

दोन वर्षांपूर्वींच्या खरिपांतली गोष्ट. पाऊस वेळेवर झाला, आणि एका वृद्ध शेतकऱ्यानें तीन एकरांत बाजरी पेरली. आठ दिवसांनीं शेजारच्या रानांत हिरव्या ओळी दिसूं लागल्या. याच्या रानांत कोठें कोठें एखादा कोंब, बाकी सारी काळी माती. तो दुकानांत येऊन पायरीवरच बसला. भांडला नाहीं. "काका, बी उगवलं न्हाई," एवढेंच म्हणाला. त्याच्या पावतीवर लिहिलें होतें: बाजरी बियाणें, दीड किलो, तीन पिशव्या. कंपनी एकच, वाणही एकच. परंतु त्या आठवड्यांत तोच माल दुकानांत दोन घाऊक व्यापाऱ्यांकडून आला होता, आणि त्याचे लॉट दोन होते. पिशव्या पेरणीच्या दिवशीं बांधावर टाकलेल्या, त्या वाऱ्यानें नेल्या. टॅग नातवानें खेळण्यांत हरविला.

तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज झाला. मंडळी शेतावर आली, ओळी मोजल्या, पंचनामा केला, आणि मग दुकानांत येऊन एकच प्रश्न विचारला: "लॉट नंबर कोणता?" थोरले खरें बोलणारे गृहस्थ. त्यांनीं सांगितलें, "दोन्ही लॉट माझ्याकडे होते. यांना कोणता दिला, तें मला सांगतां येत नाहीं." एका घाऊक व्यापाऱ्यानें कळविलें कीं तो माल दुसऱ्याचा असावा, दुसऱ्यानें कळविलें कीं तो पहिल्याचा. कोणत्या लॉटचा नमुना तपासणीस पाठवावयाचा तेंच ठरेना, आणि अर्ज तेथेंच अडकून पडला. थोरल्यांनीं पिशव्यांचे पैसे परत केले आणि दुबार पेरणीसाठीं तीन पिशव्या आपल्या खर्चानें दिल्या. परंतु तोंवर ओल उडाली होती. त्या वर्षीं त्या म्हाताऱ्याला निम्मेंही पीक आलें नाहीं.

लॉट म्हणजे काय, हें आमच्या शहरांतील वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे. एका वेळीं एकत्र वाळवून, चाळून, तपासून पिशव्यांत भरलेला बियाण्याचा जो ढीग, तो एक लॉट. वाण एकच असला तरी एका लॉटची उगवण उत्तम आणि दुसऱ्याची वाईट असूं शकते. एखादा गोदामांत भिजला असेल, एखादा तपासून फार दिवस झाले असतील. सन १९६६ च्या बियाणें कायद्यानें आणि १९६८ च्या नियमांनीं पिशवीवर पिकाचें व वाणाचें नांव, लॉट नंबर, उगवणीचें व शुद्धतेचें प्रमाण, तपासणीची तारीख, वजन इत्यादि गोष्टी छापणें बंधनकारक केलें तें याचसाठीं. बाजरीची उगवण शेंकडा ७५ हून कमी असतां कामा नये, सोयाबीनची ७० हून, हरभऱ्याची ८५ हून. बियाण्याला औषध चोळलेलें असेल तर तें खाण्यास वापरूं नये हेंही लिहावें लागतें. ज्या घरांत बियाण्याची पिशवी आणि दळणाची पिशवी एकाच कोपऱ्यांत असते तेथें ही ओळ मोठ्यानें वाचून दाखविण्याजोगी आहे. सारांश, पुरवठादारानें माहिती दिली होती. ती दाराशीं येऊन पोंचलीही होती. ती उतरून घ्यावयास थोरल्यांच्या वहींत जागा नव्हती, इतकेंच.

त्यांचे सात रकाने वाईट होते काय? मुळींच नाहीं. पैशाचा हिशेब चोख ठेवण्यासाठीं ते आखले होते, आणि तें काम त्यांनीं चाळीस वर्षें चोख केलें. परंतु देणेंघेणें पुरें झाल्यावर महिन्याभरानें जो मनुष्य पायरीवर येऊन बसतो, त्याचा विचार त्या रेघा मारतांना कोणीं केला नव्हता. आणि हा दोष एकट्या थोरल्यांचा नव्हे. आपल्याकडील बहुतेक वह्या देणेकऱ्याच्या भीतीनें किंवा सरकारी तपासनिसाच्या भीतीनें आखलेल्या असतात.

त्या दिवाळींत पुतण्या घरीं आला. त्याच्यापुढें गोष्ट निघाली, आणि त्यानें संगणकावर बेचाळीस रकान्यांचा तक्ता मांडला. थोरल्यांनीं तो पाहिला व तोंडांतून शब्द न काढतां चष्मा पुसावयास घेतला. मग म्हणाले, "मढीच्या यात्रेंत गाढवांचा बाजार भरतो तो लहानपणीं पाहिला आहेस ना? गिऱ्हाईक गाढवाचें तोंड उघडून दांत बघतो. वय कळलें, सौदा झाला. गाढवाचें नांव कोणी विचारतो काय?" आम्हांला हा दृष्टांत फार आवडला. मढी तिसगांवापासून जवळच आहे; कानिफनाथांच्या त्या यात्रेंतील व्यापारी कोणतीही वही न बाळगतां हें जाणतात कीं रकाना ठेवावयाचा तो कोणी तरी पुढें विचारणार असलेल्या गोष्टीचाच. पुतण्यानेंही हट्ट धरला नाहीं. दोघे एका बाजूला बसले आणि प्रत्येक रकान्यापुढें त्यांनीं एकच प्रश्न लिहिला: हें कोण विचारणार, आणि केव्हां? ज्याच्यापुढें उत्तर आलें नाहीं तो रकाना गेला. पिशवीचा रंग गेला, कंपनीच्या मुख्य कचेरीचा पत्ता गेला. लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत, उगवणीचें प्रमाण, नग कशाचा तें, आणि औषधांच्या बाबतींत बॅच नंबर, हे राहिले. बेचाळिसांचे सतरा झाले.

यांपैकीं 'नग कशाचा' हा रकाना दिसावयास क्षुल्लक. पण त्याचा इतिहास मोठा आहे. आमच्या आजोबांच्या काळीं मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगाली मण ८२ पौंडांहून अधिक. शेर मात्र दोहोंतही चाळीसच! वहींत नुसतें 'मण' लिहिलें तर तो कोणता, हें लिहिणाऱ्याला ठाऊक आणि त्याच्यामागें देवाला. सन १९५६ चा मापांचा कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक वजनें आलीं, १९६२ पासून तीं सक्तीचीं झालीं, आणि हा घोळ कायमचा मिटला असें सर्वांस वाटलें. तो मिटला नाहीं, त्यानें फक्त जागा बदलली. थोरल्यांच्या वहींत खताचा नग 'गोणी' असा असे. युरियाची गोणी पूर्वीं ५० किलोंची होती; सन २०१८ पासून ती ४५ किलोंची झाली. डी.ए.पी.ची गोणी मात्र ५० चीच राहिली. एकरीं दोन गोण्या घालावयाची संवय असलेल्या शेतकऱ्यानें त्या सालापासून एकरीं दहा किलो युरिया कमी घातला. आणि वहींत आधींच्या व नंतरच्या सालांची बेरीज मांडली तर ती गोण्यांत बरोबर आणि किलोंत चुकीची. एका माणसाचें माप दुसऱ्यानें न विचारतां आपलें समजून वापरलें म्हणजे काय होतें याचें सर्वांत महाग उदाहरण अमेरिकेचें आहे. सन १९९९ च्या सप्टेंबरांत 'नासा' या संस्थेचें मंगळाकडे धाडलेलें एक यान नष्ट झालें, तें एवढ्याचसाठीं कीं कंत्राटदारानें पुरविलेल्या आज्ञावलींतून इंजिनांच्या रेट्याचे आंकडे पौंडांच्या मापानें येत होते आणि घेणारे ते न्यूटनांच्या मापाचे समजून वाचीत होते. तेथें शास्त्रज्ञ होते, येथें हमाल. चूक एकाच जातीची.

यापुढचा वाद नांवांचा. पुरवठादारांच्या याद्या हल्लीं कागदावर येत नाहींत. फोनवर येतात, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. एकाच रब्बी कांद्याचें नांव एक लिहितो 'एन-२-४-१', दुसरा 'एन २४१', तिसरा नुसतें '२-४-१'. या तिसऱ्याची यादी तक्त्यांत उतरविली तेव्हां संगणकानें त्या कांद्याला सरळ तारीख करून टाकलें: २ एप्रिल २००१! थोरले दोन दिवस त्यावरून हंसत होते. परंतु हंसण्याचें कारण नाहीं. मोठमोठे जीवशास्त्रज्ञही याच खड्ड्यांत पडले. मानवी जनुकांपैकीं कांहींचीं संक्षिप्त नांवें इंग्रजी महिन्यांसारखीं होतीं. संगणकाचे तक्ते त्यांना तारखा समजत, आणि छापलेल्या शास्त्रीय निबंधांतही त्या तारखा तशाच राहत. अखेर सन २०२० मध्यें नामकरण करणाऱ्या समितीनें त्या जनुकांचीं नांवेंच बदलून टाकलीं. यंत्राला शिकविण्यापेक्षां निसर्गाचें बारसें पुन्हां करणें सोपें वाटलें, असा हा काळ आहे. लॉट नंबरांचेंही तसेंच. आरंभीं शून्यें असलीं कीं संगणक तीं निरर्थक समजून गाळतो. मध्यें इंग्रजी 'ई' हें अक्षर आलें तर तो त्या नंबराचा अब्जावधींचा आंकडा करतो. म्हणून पुतण्यानें पहिली व्यवस्था ही केली कीं ज्या आंकड्यांची बेरीज कधींच व्हावयाची नाहीं, ते आंकडे नव्हेतच, तीं अक्षरें होत, असें त्या रकान्यांना बजावून ठेवलें. लॉट नंबराची, फोन नंबराची, पिन कोडाची कोण बेरीज करतो?

मग प्रश्न असा कीं तीन नांवांच्या कांद्याला वहींत कोणतें नांव द्यावें. शिवछत्रपतींच्या कारकीर्दींत राज्यव्यवहारकोश झाला, त्याची येथें आठवण होते. दरबारांतील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश. त्यांत सुमारें चौदाशें शब्द दहा वर्गांत मांडले आहेत, आणि त्यांत लेखनवर्ग आहे तसा पण्यवर्गही, म्हणजे बाजारांतल्या जिनसांचा वर्गही, आहे. राज्य चालवावयाचें तर एका वस्तूचें एक नांव ठरलें पाहिजे, हें त्या काळच्या मुत्सद्द्यांस कळलें होतें. आमचें लक्ष मात्र त्या कोशाच्या दुसऱ्या गुणाकडे जातें: नवा शब्द देतांना जुना शब्द त्यांनीं पुसला नाहीं, तो शेजारींच ठेवला. पुतण्यानें नकळत तेंच केलें. एका रकान्यांत पुरवठादारानें जसें लिहिलें तसें, कानामात्रा न बदलतां. शेजारच्या रकान्यांत दुकानाचें ठरलेलें नांव.

थोरल्यांना हें पटेना. "एका मालाला दोन नांवें? ही वही आहे कीं कुंडली?"

वहिनी गवार निवडीत होत्या. त्या मान वर न करतां म्हणाल्या, "लग्नांत माझें नांव बदललेंत, तरी पत्रिकेंत जुनेंच आहे ना? उद्यां कोणी माहेरचा मनुष्य जुन्या नांवानें विचारीत आला तर त्याला काय दारांतून परत पाठवणार?"

या युक्तिवादाचें महत्त्व लौकरच दिसून आलें. बाजरीचा 'धनशक्ति' हा वाण आयसीटीपी ८२०३ या जुन्या वाणापासून निवडून काढलेला, लोहाचें प्रमाण अधिक असलेला असा आहे. एका यादींत पहिलें नांव आलें, दुसरींत दुसरें. दुकानांतल्या मुलानें दोन्ही एकच समजून एका नांवाखालीं घातलीं. ती चूक पुढें सांपडली ती शेजारच्या रकान्यांत मूळ अक्षरें शिल्लक होतीं म्हणूनच. दोन नांवें एक करणें हा निर्णय आहे, आणि निर्णय चुकूं शकतो.

येथवर सारें सुरळीत झालें असें वाटलें, आणि पुतण्या पुण्यास परत गेला. जातांना त्यानें लॉट नंबराचा रकाना सक्तीचा करून ठेवला: तो भरल्याशिवाय पावती निघतच नसे. दोन महिन्यांनीं येऊन पाहतो तों चाळीस नोंदींत लॉट नंबर '१', सोळांत नुसता टिंब, आणि एका ठिकाणीं 'नंतर' असा शब्द! मुलाला रागावण्यांत अर्थ नव्हता. समोर दहा गिऱ्हाइकें उभीं, पाऊस येऊं घातलेला, टॅगवरचीं अक्षरें मुंगीच्या पायाएवढीं. यंत्र पुढें सरकूं देईना म्हणून त्यानें यंत्राचें तोंड बंद केलें. रिकामा रकाना निदान खरें बोलत होता. सक्तीनें भरलेला रकाना खोटें बोलूं लागला. आमच्या मतें या सर्व प्रकरणांतील हा सर्वांत मोठा धडा, आणि तो दुकानापुरता नाहीं. शाळेंतलीं हजेरीपत्रकें, जनगणनेचे तक्ते, इस्पितळांतले कागद, जेथें जेथें 'भरलेंच पाहिजे' असें आहे तेथें तेथें हा '१' लपून बसलेला असतो.

यावरचा उपाय वहिनींनीं काढला, आणि तो दोन भागांचा होता. पहिला वेळेचा. लॉट नंबर विक्रीच्या गर्दींत लिहावयाचाच नाहीं. टेंपोतून माल उतरतांना, थप्पी लागण्यापूर्वीं, लिहावयाचा. मुलगा टॅग वाचतो, वहिनी लिहितात, आणि थप्पीवर खडूनें तोच नंबर घालतात; विकतांना फक्त थप्पी निवडावयाची. दुसरा भाग रिकाम्या जागेचा. वहिनी म्हणाल्या, "माझ्या फडताळांतली रिकामी बरणी पाहिली कीं मला कळतें, लोणचें संपलें, का यंदां घातलेंच नाहीं, का खालच्या बरणींत काढून ठेवलें आहे. तुमच्या रिकाम्या घरावरून काय कळतें?" खरेंच कांहीं कळत नव्हतें. तेव्हांपासून त्या वहींत रिकामी जागा ठेवीत नाहींत. ज्या मालाला ती गोष्टच नसते, जसें दोरीच्या गुंडीला मुदत, तेथें 'लागू नाहीं'. जेथें असावयास पाहिजे पण पिशवीवर दिसत नाहीं तेथें 'दिसत नाहीं'. आणि पुरवठादाराकडे चौकशी चालूं असेल तर 'विचारलें', व त्यापुढें तारीख. थोरल्यांना या तीन शब्दांचें पुढें इतकें वेड लागलें कीं आतां ते घरच्या बाजारहाटाच्या यादींतही 'विचारलें' असें लिहितात.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला; हल्लीं प्रत्येक वस्तूवर काळ्या पट्ट्यांचा बारकोड असतो, तो यंत्रापुढें धरला कीं झालें. हा गैरसमज सुशिक्षितांतही आहे. दुकानांतील वस्तूंवर नेहमीं आढळणारा तेरा आंकड्यांचा जो कोड, तो वस्तु कोणती तें सांगतो, ती कोणत्या लॉटची तें सांगत नाहीं. एकाच वाणाच्या एकाच वजनाच्या लाख पिशव्यांवर तोच आंकडा असतो. (आरंभींच्या ८९० वरून माल भारतांत तयार झाला असेंही ठरत नाहीं, तो आंकडा भारतांतील संस्थेकडून घेतला आहे इतकेंच ठरतें.) लॉटची माहिती वेगळी छापावी लागते. बियाण्याचा माग शेतापासून दुकानापर्यंत लागावा म्हणून केंद्र सरकारनें सन २०२३ मध्यें 'साथी' नांवाची व्यवस्था सुरू केली, आणि तिचा उपयोग होईलही. परंतु पावतीवर काय उतरलें हा प्रश्न दुकानाच्या मेजावरच सुटावयाचा आहे.

तो सुटणें किती अगत्याचें आहे याला दाखला जवळचाच देतां येतो. सन २०२० च्या खरिपांत महाराष्ट्रांत सोयाबीन न उगवल्याच्या हजारों तक्रारी झाल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें त्याची स्वतः होऊन दखल घेतली. त्यापूर्वीं, जानेवारी २०१२ मध्यें, राष्ट्रीय बीज निगमाच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला होता कीं बियाणें घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, त्याला ग्राहक मंचाकडे दाद मागतां येते, आणि पुढें तपासणी लागेल म्हणून त्यानें बियाण्याचा नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा करतां येत नाहीं; तो आणलेलें सारें बियाणें पेरून टाकतो. हा निकाल शेतकऱ्याच्या मोठ्या उपयोगाचा आहे. तथापि त्याच्या हातीं नमुना नाहीं, पिशवी वाऱ्यानें गेली, टॅग हरवला, अशा वेळीं उरतें काय? पावती. कृषि खातें दरवर्षीं पेरणीच्या आधीं पक्की पावती घ्या, पिशवी, टॅग आणि थोडें बियाणें जपून ठेवा, असें सांगतें. तें योग्यच आहे. परंतु ज्याचें अक्षरज्ञान बेताचें आणि ज्याचा जीव पावसाकडे, त्याच्यावर सगळा भार टाकून दुकानदारानें मोकळें व्हावें हें आम्हांला मान्य नाहीं. माहिती ज्याच्या दाराशीं प्रथम उतरते, ती उतरून घेण्याचें काम त्याचें.

थोरल्यांना याचें दुःख झालें नाहीं असें नव्हे. चाळीस वर्षांच्या वह्या माळ्यावर नीट बांधून ठेवल्या आहेत, त्यांतल्या एकीवर हात ठेवून ते आम्हांला म्हणाले, "हिच्यांत पैसा न् पैसा आहे हो. माणूस तेवढा राहून गेला." यावर काय बोलावें तें आम्हांला सुचलें नाहीं, म्हणून आम्ही चहा प्यालों.

आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशीं संध्याकाळीं तोच वृद्ध शेतकरी रब्बी ज्वारीचें बियाणें न्यावयास आला. बरोबर नातू होता, सहावींत गेलेला. मालदांडीच्या दोन पिशव्या काढल्या. थप्पीवरचा नंबर वहिनींनीं पाहिला होता, तरी त्यांनीं पिशवी नातवापुढें ठेवली आणि म्हणाल्या, "तूं वाच रे." मुलगा टॅगवर बोट ठेवून एक एक अक्षर मोठ्यानें वाचूं लागला आणि थोरले पावतीवर लिहूं लागले. मध्येंच त्यांनीं पेन थांबविलें.

"तीन कीं आठ?"

मुलानें टॅग दिव्याजवळ नेला. "आठ," तो म्हणाला.

"मग पहिल्यापासून वाच," थोरले म्हणाले, आणि त्यांनीं ती पावती फाडून नवी घेतली.